डोळे पिवळे नाहीत म्हणून यकृत ठीक आहे असे समजू नये

दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका सूनबाईंनी आपल्या सासऱ्यांविषयी विचारले आहे. सासऱ्यांचे वय ५८. उमेदीची सगळी वर्षे होडीवर गेली, आता घरी बसून जाळ्यांची दुरुस्ती करतात. मधुमेह जुना आहे. दारू पूर्वी रोजची होती, ती दोन वर्षांपूर्वी सुटली. गेल्या काही महिन्यांत संध्याकाळी पाय सुजतात, पोट पुढे आल्यासारखे दिसते, जेवण कमी झाले आहे आणि रात्री अंगाला खाज सुटते. डोळे मात्र पिवळे नाहीत आणि एका तपासणीत एसजीपीटी, ही यकृताची रक्ततपासणी, नॉर्मल आली आहे. त्यामुळे 'कावीळ नाही, म्हणजे लिव्हरला काही झालेले नाही' असे सगळे म्हणतात. शरीरावर नेमके काय पाहावे, कोणत्या लक्षणाला एक दिवसही थांबू नये आणि गावातल्या एका गृहस्थांनी दिलेले मुळीचे औषध चालू ठेवावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सुरुवातीलाच सांगतो की आपण लिहिलेली लक्षणे एकत्र वाचली तर माझे पहिले लक्ष यकृताकडेच जाते, आणि डोळे पांढरे असल्याने ते दुसरीकडे वळत नाही. प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. त्याच्या आतल्या भागाला दुखणे कळत नाही, फक्त वरच्या आवरणाला ताण बसला तर उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो. शिवाय त्याची राखीव ताकद एवढी मोठी आहे की निरोगी माणसाच्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग शस्त्रक्रियेने काढला तरी उरलेला भाग काम सांभाळतो आणि पुन्हा वाढतो. म्हणूनच दारूने, मधुमेहाबरोबर येणाऱ्या चरबीने किंवा हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या विषाणूंनी होणारी झीज दहा-दहा, वीस-वीस वर्षे कोणतीही कुरकूर न करता चालू राहू शकते. रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचा पिवळा रंग देणारे द्रव्य, दर डेसिलिटरला साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत नॉर्मल मानतात, पण डोळ्यांत पिवळेपणा दिसायला ते अडीच-तीनच्या पुढे जावे लागते. दूषित पाण्यातून आलेल्या कावीळीत तरुण मुलाचे डोळे आठवड्याभरात हळदीसारखे होतात आणि बहुतेक वेळा तो पूर्ण बरा होतो. लिव्हर सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत घट्ट आणि गाठाळ होण्याच्या आजारात, डोळे शेवटच्या टप्प्यापर्यंत स्वच्छ राहू शकतात. त्यामुळे पिवळ्या डोळ्यांच्या तरुणापेक्षा पांढऱ्या डोळ्यांचा, पण हातपाय वाळत चाललेला साठीचा माणूस मला जास्त काळजीत टाकतो.

एसजीपीटीच्या आकड्यावरून मिळालेला दिलासाही असाच फसवा आहे. यकृताच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी आणि एसजीओटी रक्तात झिरपतात. या तपासण्यांतून इजा समजते, कामाची ताकद समजत नाही. आक्रसून गेलेल्या यकृतात झिरपायलाच फारशा पेशी उरत नाहीत, म्हणून आकडा नॉर्मल येतो. कामाची ताकद समजते ती अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन), बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, या तिघांवरून. त्याच कागदावर प्लेटलेटचा आकडाही आवर्जून पाहावा. आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट दीड लाखाच्या खाली दिसल्या की डेंग्यूचा विचार होतो आणि तो योग्यही आहे, पण ताप उतरून दोन महिने झाल्यावरही त्या लाखाच्या आसपासच राहिल्या तर यकृताच्या आजाराने प्लीहा वाढली आहे का, हे पाहायला हवे. अनेकांचा सिरोसिस मला अशा जुन्या रक्ततपासण्यांच्या फाइलमध्ये आधीपासून लिहिलेला आढळला आहे, फक्त तो कोणी त्या दृष्टीने वाचलेला नव्हता.

आता डोळे कसे पाहावेत ते सांगतो. रात्रीच्या दिव्याखाली सौम्य कावीळ दिसत नाही. रुग्णाला सकाळी ओटीवर किंवा अंगणात नैसर्गिक उजेडात बसवावे, खाली पायाकडे बघायला सांगावे आणि वरची पापणी अंगठ्याने हलकेच उचलून झाकलेला पांढरा भाग पाहावा. वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि खाऱ्या पाण्याचा मारा सोसलेल्या खलाशांच्या डोळ्यांचा उघडा भाग मातकट, तपकिरी किंवा पिवळसर झालेला असतो, आणि कित्येकांना नाकाच्या बाजूने वेलही, म्हणजे बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, आलेला असतो. ती कावीळ नव्हे. कावीळीचा पिवळेपणा पापणीखालच्या झाकलेल्या भागातही सारखाच पसरलेला असतो. फक्त तळहात पिवळे आणि डोळे स्वच्छ असतील तर बहुधा पपई-गाजर-भोपळ्याचा अतिरेक झालेला असतो.

आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत मात्र डोळ्यांपेक्षा पोट आणि दंड यांच्याकडे पाहावे. पोट वाढते आणि त्याच वेळी दंड, मांड्या, खांदे आणि कानशिलांजवळचा भाग खोल जातो, ही जोडी सिरोसिसची मोठी खूण आहे. वजनकाटा येथे फसवतो, कारण मांस कमी होते आणि पाणी वाढते, त्यामुळे वजन जागच्या जागी राहते किंवा वाढतेही. कमरेचा करगोटा रुतायला लागला आणि बोटातली अंगठी मात्र सैल झाली, असे दिसले तर पोट सुटले म्हणून सोडून देऊ नये. उताणे झोपल्यावर पोट दोन्ही कुशींकडे पसरते का, बेंबी बाहेर आली आहे का, आणि बेंबीभोवती निळसर शिरा उठून दिसतात का, हेही पाहावे. पायाच्या सुजेची कारणे अनेक असतात. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरल्यावर खळगा पडून राहत असेल तर ती पाण्याची सूज आहे एवढे कळते, पण ते पाणी कोणामुळे साठले हे सांगण्यासाठी क्रम विचारावा लागतो. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर सूज असेल तर मूत्रपिंडाचा संशय आधी येतो. आडवे झाल्यावर धाप लागून उठून बसावे लागत असेल तर हृदयाचा विचार करावा लागतो. पोट आधी किंवा पायांबरोबरच फुगले, चेहरा मात्र उतरलेला, तर यकृताचा. मधुमेह जुना असल्याने तिन्ही अवयवांची तपासणी व्हायलाच हवी.

त्वचेवरच्या खुणा थोडक्यात. छाती, मान, खांदे यांवर लालसर ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या बारीक शिरा दिसतात. मध्यभागी टाचणीच्या डोक्याने दाबले की सगळी नक्षी नाहीशी होते आणि सोडले की मधूनच पुन्हा भरत जाते. गरोदरपणात अशा एक-दोन खुणा निरोगी स्त्रीलाही येतात, पण पुरुषाच्या छातीवर पाच-सहा दिसल्या तर तपासणी करावी. तळहाताच्या कडा, विशेषतः करंगळीखालचा उंचवटा, लाल राहणे. नखे पांढुरकी होऊन फक्त टोकाशी गुलाबी पट्टा उरणे. पुरुषांची छाती स्तनांसारखी दुखरी आणि भरलेली होणे. किरकोळ धक्क्याने काळेनिळे डाग उठणे, दात घासताना रक्त येणे, या त्याच कुळातील खुणा आहेत. मानेवर आणि काखेत मखमलीसारखा काळपट जाड पट्टा असेल तर त्यावरून यकृत बिघडले असे ठरत नाही, पण मधुमेहाकडे आणि फॅटी लिव्हरकडे झुकलेली प्रकृती कळते. यकृताच्या खाजेला पुरळ नसते. ती तळहात-तळपायांना जास्त आणि रात्री जास्त असते, आणि खरूज-नायट्याची मलमे तिला लागू पडत नाहीत.

लघवी आणि शौच यांचा रंग घरात कोणीच सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारतो. वैशाखात घाम गाळणाऱ्या माणसाची लघवी गडद होतेच, पण दोन-तीन तांबे पाणी प्यायल्यावर ती फिकी व्हायला हवी. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही ती पिवळीजर्द होते. कितीही पाणी प्यायले तरी लघवी काळ्या चहासारखी राहिली आणि तिचा फेसही पिवळा दिसला, तर त्यात पित्तरंग उतरला आहे, आणि ही खूण डोळे पिवळे होण्याच्या आधी दिसू शकते. याच्या जोडीला शौच फिकट, शाडूच्या मातीच्या रंगाची होत असेल आणि खाज असेल, तर पित्त आतड्यात पोहोचत नाही, वाटेत कुठेतरी अडथळा आहे. हा अडथळा खड्याचा असू शकतो. पोट न दुखता, वजन उतरत असताना कावीळ वाढत गेली तर स्वादुपिंड किंवा पित्तनलिकेच्या गाठीचा विचार करावा लागतो. अडथळ्याच्या कावीळीत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

घरच्यांच्या नजरेतून सगळ्यात जास्त निसटते ते मनाचे आणि झोपेचे लक्षण, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि इतर विषारी द्रव्ये यकृत गाळून टाकते. ते काम मंदावले की ती मेंदूपर्यंत पोहोचतात. सुरुवात अगदी साधी असते. माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो, विनाकारण चिडतो, हिशेब चुकवतो, बोलताना शब्द शोधतो. बंदरावरच्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, असेच आणले होते. तो जाळे सांधायला बसला की आयुष्यभर हाताला सवय असलेली गाठ त्याला घालता येईना, एकच फास सोडायचा आणि पुन्हा तसाच चुकीचा घालायचा. रात्री उठून अंधारात होडीकडे चालू लागायचा. घरच्यांना वाटले की बाहेरचे काही लागले, म्हणून गाऱ्हाणे घातले गेले, त्यात आठवडा गेला. मी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून वाहतूक पोलिसासारखे पंजे मागे वळवायला सांगितले, तर पंजे थबकून थबकून खाली पडत होते. यकृतामुळे मेंदू झाकोळल्याची ही ठरलेली खूण आहे. चार दिवसांची बद्धकोष्ठता आणि झोप येत नाही म्हणून कोणीतरी दिलेली झोपेची गोळी, एवढ्यावर ते झाले होते. लॅक्ट्युलोजचे औषध देऊन पोट साफ होऊ लागले, गोळी बंद झाली, तसा तो दोन-तीन दिवसांत माणसांत आला. आपल्या सासऱ्यांसाठी एक सोपी सवय लावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकोनात त्यांना स्वतःची सही करू द्या. सही वेडीवाकडी होऊ लागली, किंवा भलत्याच तारखेवर पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी कधीही परस्पर देऊ नका.

काही लक्षणांना सकाळ होण्याची वाट पाहायची नसते. रक्ताची उलटी झाली, ती वाटीभर असली तरी, १०८ ला फोन करावा. यकृत घट्ट झाल्याने अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि त्यांतली एखादी फुटते. तो रक्तस्राव काही वेळ थांबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा जोरात सुरू होतो. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली तर तेही वरून आलेले रक्तच असते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. पोटात पाणी असलेल्या माणसाला ताप आला, पोट दुखू लागले, किंवा काही न दुखता तो नुसताच मलूल झाला, तरी त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे असे धरून त्याच दिवशी सुईने पाणी काढून तपासावे लागते. लघवी एकदम कमी होणे हेही तितकेच गंभीर आहे.

आपल्या भागात पावसाळ्यातली कावीळ वेगळी ओळखावी लागते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहिलेल्या, पायाला भेगा किंवा जखम असलेल्या माणसाला सणसणीत ताप, पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे, डोळे आधी लाल आणि मग पिवळे, आणि लघवी कमी, असे झाले तर तो लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात-चिखलात येणाऱ्या जंतूंचा आजार, असण्याची दाट शक्यता असते. त्यात बिलिरुबिन खूप वाढते आणि एसजीपीटी त्या मानाने थोडीच वाढलेली दिसते. धोका यकृतापेक्षा मूत्रपिंडांना आणि फुप्फुसांना जास्त असतो, आणि औषध जितक्या लवकर सुरू होईल तितका तो टळतो. विहिरीच्या पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये उलट एसजीपीटी हजारांत जाते, तरी बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात. याला मोठा अपवाद गरोदर स्त्रीचा. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, म्हणून गरोदरपणातली कावीळ घरी ठेवू नये. शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना असह्य खाज सुटत असेल तर तेही प्रसूतितज्ज्ञांना त्याच दिवशी सांगावे, कारण त्यात पोटातल्या बाळाला धोका असतो. आणि नवजात बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही उतरली नाही व त्याची शी पांढरट असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. उन्हात धरणे, घुटी देणे यांत ते दिवस निघून गेलेले पाहून मला फार वाईट वाटते.

मुळीच्या औषधाविषयी. ते देणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. त्यांतले बहुतेक जण पैसेही घेत नाहीत. पण हिपॅटायटिस ए ची कावीळ तीन-चार आठवड्यांत आपोआपच उतरते, त्यामुळे त्या काळात गळ्यात माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले किंवा दंडावर डाग दिला, तरी गुण त्यालाच आला असे वाटते. माळेने अपाय होत नाही. डाग दिल्याने जखम चिघळते, नाकात कडू रसाचे थेंब टाकल्याने आतली त्वचा सोलवटून रक्त येते, आणि पोटात घेतलेल्या अज्ञात मुळ्या थेट यकृतातूनच जातात. गुळवेलीसारख्या घरोघरी विश्वासाच्या वनस्पतीमुळेही काहींच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे. सासऱ्यांचे यकृत आधीच दुबळे असण्याची शक्यता असताना ज्याचे नाव, प्रमाण आणि शुद्धता माहीत नाही असे काहीही देऊ नये. ते आजच थांबवा. उरलेली पुडी मात्र टाकू नका, तपासणीला जाताना डॉक्टरांना दाखवा.

तपासणीत काय व्हावे ते क्रमाने सांगतो. संपूर्ण लिव्हर फंक्शन टेस्ट, पीटी-आयएनआर, रक्तातील पेशींची मोजणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम, लघवीतील प्रथिने, हृदयाचा इको, आणि पोटाची सोनोग्राफी. हिपॅटायटिस बी व सी यांची चाचणीही करून घ्यावी. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ती चाचणी आणि उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. दारूचा इतिहास असला की विषाणूची चाचणी राहून जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. सासऱ्यांना बी आढळला तर घरातल्या प्रत्येकाची चाचणी करून ज्यांना झालेला नाही त्यांना लस द्यावी. नवजात बालकांना ही लस देशभर २०११ पासून दिली जाऊ लागली, त्यामुळे घरातील मोठ्या माणसांना ती बहुधा मिळालेली नसते. पोटात पाणी निघाले तर त्याचा नमुना काढून तपासावा, आणि सिरोसिस निश्चित झाला तर एंडोस्कोपी करून शिरा फुगल्या आहेत का ते पाहावे. त्यानंतर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, कारण अशा यकृतात कर्करोगाची गाठ सुरुवातीला कोणतेही लक्षण देत नाही.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरी एवढे करा. मीठ दिवसभरात मिळून चहाच्या एका चमच्याच्या आत ठेवा. याचा अर्थ सुकट, खारवलेला बांगडा, लोणचे, पापड आणि खारातली कैरी बंद. ताजी मासळी बंद करू नका. कावीळीच्या भीतीने मासे, डाळ, अंडे तोडून नुसत्या भातावर ठेवलेल्या रुग्णांचे उरलेसुरले मांसही झडते. तेल आणि हळद वर्ज्य करण्याचीही गरज नाही. रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत फार अंतर पडू देऊ नये. झोपताना मूग घातलेली थोडी पेज किंवा दूध द्यावे, आणि त्याप्रमाणे मधुमेहाची औषधे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत. औषधे घेऊनही जेवण कमी असल्याने साखर एकदम उतरू शकते, तेव्हा ती घरी मोजत राहा. अंगदुखीसाठी दुकानातल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या अजिबात देऊ नका, त्यांनी मूत्रपिंड बंद पडू शकतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही २४ तासांत २ ग्रॅमपेक्षा कमी. सोडलेली दारू पुन्हा 'औषधापुरती' म्हणूनही नको, आणि त्यात माडीही आली.

एक शेवटची सूचना खाडीकाठच्या माणसासाठी आहे. यकृत दुबळे असलेल्यांनी पायाला जखम असताना खाऱ्या पाण्यात उतरू नये आणि कालवे पूर्ण शिजल्याशिवाय खाऊ नयेत. समुद्राच्या कोमट पाण्यात राहणारा एक जंतू अशा माणसांच्या रक्तात काही तासांत पसरतो. कालवाच्या कवचाने कापलेल्या जागी सूज भराभर वर चढत असेल, त्वचेवर जांभळे फोड येत असतील आणि ताप असेल, तर जखमेवर हळद दाबून रात्र काढू नका. त्याच वेळी रुग्णालयात न्या आणि 'यांना यकृताचा आजार असू शकतो, जखम खाडीत झाली आहे' ही दोन्ही वाक्ये पहिल्यांदा सांगा.